अठ्ठ्याण्णव टक्के लक्ष

आधी एक सांगून ठेवते. माझ्या नवऱ्याची ही गत व्रतामुळे झाली, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की मी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावते. सख्ख्या नणंदेलाही लावलंय. चातुर्मासात दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालायचं नाही, हे आम्हा जैनांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. भूपालने तर इन्सुलिन टोचून घेत घेत ते बावीस वर्षं पाळलं. बावीस वर्षांत काही झालं नाही, कारण दुसऱ्या बाजूला मी होते. झालं ते माझ्यामुळे.

मी त्रिशला मगदूम, वय एक्कावन्न, राहणार मिरज, सतारमेकर गल्लीच्या दोन वळणं अलीकडे. भूपाल माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, मनात मात्र कायम भूपालच. तो तंबोऱ्याची जवारी काढायचा. घोडीवर तार जिथे टेकते तिथला उतार कानसेने असा घासायचा की तार नुसती वाजून गप्प बसत नाही, घुमत राहते. गल्लीतल्या तंबोरेवाल्या मुबारकच्या वडिलांकडे, म्हणजे चाचांकडे, तो हे शिकला. घासताना तो सतत काहीतरी बडबडायचा. भाजी काय आणायची, कुणाचं लग्न कुठं जमलं, काहीही.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, गप बसून करा की एखादं काम!"

"गप बसलो की बिघडतं," तो म्हणाला. "जवारी ऐकायला कान सैल सोडावा लागतो. ताणून ऐकायला गेलं की ती पळते बघ."

माझं काम बरोबर उलटं. गावोगावच्या शिबिरांमध्ये बायकांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेतात, लॅबमध्ये त्या काचांचे फोटो काढतात, आणि ते माझ्या घरातल्या पडद्यावर येतात. सोप्या स्लाइड यंत्रच वाचून मोकळं होतं. यंत्राला शंका आली की ती स्लाइड माणसाकडे. एका स्लाइडवर हजारो पेशी असतात, त्यातल्या वाईट कधी कधी फक्त पाच-सहा. त्या हुडकायच्या आणि निदान तोंडाने बोलायचं, यंत्र ते टाइप करून घेतं.

दोन खोल्या शेजारी शेजारी, मधलं दार सताड उघडं. त्या खोलीत चार तारा दिवसभर छेडल्या जायच्या, पुन्हा चार, पुन्हा चार. मी ते कधी मुद्दाम ऐकलं नाही. पण थांबलं की मला कळायचं. थांबून कानसेची खसखस सुरू झाली तर ठीक. खसखसही नाही, बडबडही नाही, असं झालं की मी खुर्चीतून उठलेली असायचे आणि हातात गुळाचा खडा असायचा. भूपालचा मधुमेह जुना. जुन्या मधुमेह्याला साखर उतरल्याचं कळेनासं होतं. हात थरथरत नाहीत, घाम येत नाही, माणूस बोलता बोलता मिटत जातो. त्याच्या दंडावर साखर मोजणारी चकती होती, साखर उतरली की माझा फोन वाजायचा. पण फोनच्या आधी मी पोचायचे. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

आणि त्याच माजाने पहिला घात केला. एका दुपारी तारा थांबल्या, मी अर्ध्या स्लाइडवरून उठले, गूळ भरवला, दोन शब्द भांडले आणि परत येऊन बसले. ज्या जागेवरून उठले होते तिथून सुरू करायचं सोडून पुढूनच सुरू केलं. मधल्या पट्ट्यात सहा पेशी होत्या. जत तालुक्यातली बाई, वय चौतीस, दोन लेकरं. मी 'दोष नाही' म्हणून पाठवलं. आठ महिन्यांनी ती रक्तस्राव होतो म्हणून आली, तेव्हा गाठ पसरली होती.

लॅबच्या प्रमुख डॉक्टर निंबाळकर बाईंनी मला बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ती स्लाइड पडद्यावर लावली आणि म्हणाल्या, "त्रिशलाताई, बघा." मी बघितलं. सहाच्या सहा पेशी आंधळ्यालाही दिसतील अशा होत्या.

"मला काढून टाका," मी म्हटलं.

"काढून काय होणार? तुमच्यासारखी नजर कुणाकडे नाही. नजर आहे, लक्ष टिकत नाही. त्याला आता उपाय आहे."

तो उपाय म्हणजे कपाळाला बांधायची पट्टी. तोपर्यंत पुण्या-मुंबईकडे ती बऱ्याच जणांच्या कपाळावर आली होती. आतून बारीक दिवे असतात, पण त्यांचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. लाल रंगाच्या पलीकडचा, अवरक्त प्रकाश. टॉर्चवर तळहात धरला तर बोटं लालसर दिसतात ना, तसा हा प्रकाश कातडी आणि हाड ओलांडून थोडासा का होईना मेंदूत उतरतो. पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, त्यांच्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा प्रकाश शोषून घेतं आणि त्यांचं काम जोरात चालू होतं. कपाळामागचा भाग लक्ष धरून ठेवतो, त्याला जास्तीची ताकद मिळते. एवढं जुन्या पट्ट्यांतही होतं. नव्या पट्टीत त्यापुढचं होतं. ती मेंदूच्या लहरी वाचत राहायची, आणि लक्ष घसरायला लागलं की तुम्हाला कळायच्या आत प्रकाशाचा ठोका द्यायची. मन हलायचंच नाही.

निंबाळकर बाईंनी दुसरी बाजूही सांगितली, त्यांच्यावर आळ घेणार नाही. मेंदूत एक जाळं काम करतं आणि दुसरं भटकतं. भटकणारं जाळं नुसती स्वप्नं बघत नाही, घरादारावर अर्धा कान ठेवून असतं. एक वर गेलं की दुसरं खाली जातं. "म्हणून चाळीस मिनिटांनी पट्टी थांबून विचारते, तेव्हा उठायचं, हिंडायचं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि सही केली. जतची बाई डोळ्यापुढून हलत नव्हती.

पहिल्या दिवशी मला रडू आलं. शाळेत बाईंनी "माणसांची नाही, वाऱ्याची सून होणार ही" म्हटलेली मी. दूध उतू घालवणारी, किल्ली घरात ठेवून कुलूप लावणारी. माझ्या डोक्यात जन्मभर दहा जणींची भांडणं चालायची, ती एकदम गप्प झाली. पडद्यावर पेशी, आणि मी. बस्स. चार महिन्यांत मी तीन अशा बायका पकडल्या ज्यांच्या वाईट पेशी नेमक्या यंत्रालाही सापडल्या नव्हत्या आणि दुसऱ्या वाचकालाही. रोज संध्याकाळी पट्टीचा निरोप यायचा, आजचं लक्ष ब्याण्णव टक्के, पंच्याण्णव टक्के. मी तो भूपालला वाचून दाखवायचे.

"पास झालीस बाई," तो म्हणायचा. "आता वर्गात पहिली ये."

मग एक दिवस मी पट्टी काढली तर तो दारात उभा. गालात गूळ, आणि हसतोय.

"कधीपासून उभे आहात?"

"मीच आलो बाई. म्हटलं, आज सरकार येत नाही, आपणच जावं." मग गूळ चघळत म्हणाला, "फोन दोनदा वाजला तुझा. मला तिकडं ऐकू आला म्हणून कळलं मला."

फोन माझ्या कोपराजवळ होता. मी तेव्हाच निंबाळकर बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पट्टी काढून घेतील म्हणून नाही सांगितलं.

भूपालने एकच गोष्ट मागितली. "दिवसा काय करायचं ते कर. चातुर्मासात संध्याकाळची पट्टी नको. मी टोचून घेऊन बसतो, तू पानं घेतेस, ते तेवढं चुकवू नकोस."

"दिवस बुडायच्या आत उठेन. णमोकाराची शपथ."

"शपथ नको गं, ऊठ म्हणजे झालं."

आमच्या घरची रीत अशी. चातुर्मासात तो एकटा जेवत नाही, मी आल्याशिवाय पानावर बसत नाही. पंधरा मिनिटं आधी इन्सुलिन, मग दोघांची पानं, आणि उजेड असेपर्यंत चूळ भरून मोकळं. उशीर झाला तर जेवण राहिलं. पण औषध म्हणून गुळाचा खडा चालतो, हे मुनिमहाराजांनीच त्याला सांगितलं होतं. तो खडा घे म्हणून सांगायला मात्र कुणीतरी लागतं. उतरलेल्या साखरेत माणसाला खडा आठवत नाही.

भाद्रपदातल्या आमच्या दशलक्षण पर्वाला चार दिवस होते. कुठल्याशा शिबिराच्या स्लाइड एकदम आल्या होत्या. साडेपाचला मी म्हटलं, एवढी एक बघते आणि उठते. त्या स्लाइडवर मला एक पेशी दिसली, संशयाची. मग तिच्या जोडीच्या हुडकायच्या होत्या. चाळीस मिनिटांनी पट्टीने विचारलं, थांबायचं की पुढे चालू? मी 'पुढे चालू' दाबलं. हे मला आठवतं. नंतर चार वेळा दाबलं, ते आठवत नाही.

मला पुढची आठवण आहे ती खांद्याला बसलेल्या हिसक्याची. मुबारक होता. तयार तंबोरा न्यायला आला होता. त्याने दिवा लावला तेव्हा मला कळलं की खोलीत काळोख आहे.

"भाभी! अहो भाभी! किती हाका मारल्या! भूपालभाई पडलेत तिकडं!"

नऊ वाजून गेले होते. भूपाल तंबोऱ्याच्या भोपळ्याशी डोकं टेकून आडवा होता, तोंडाला फेस, एक पाय झटके देत होता. स्वयंपाकघरात दोन ताटं उपडी मांडलेली. माझं काम त्यानेच केलं होतं. पाण्याचे तांबेही भरले होते.

मुबारकने रिक्षा आणली आणि आम्ही भूपालला दवाखान्यात नेलं. रिक्षात मी बडबडत होते, "मला हाक मारायची की हो, उठून मला हलवायचं की." तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाभी, मारली असंल की हाक."

मारली होती. ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. लॅबमधून त्या संध्याकाळची एक स्लाइड परत आली. निदान अचूक होतं, पण शेरा होता: 'अहवालातील अनावश्यक मजकूर काढावा.' मी अहवाल उघडला. माझं बोलणं यंत्र टाइप करून घेतं, ते सांगितलंय मी. पेशींच्या वर्णनाच्या मधोमध लिहिलं होतं: 'आले. बसा तुम्ही.' खाली चार ओळींनी: 'हो, टोचून घ्या, आलेच.' आणि अगदी शेवटी, निदानाच्या खाली: 'आले, आले.'

मी हे बोलले होते. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. तो त्या शब्दांवर टोचून घेऊन बसला. दिवस बुडाला तरी बसला. मग माझी वाट बघत त्याने तंबोरा घेतला असणार, कारण दुसरं काय करणार तो. तारा कधी थांबल्या ते मला माहीत नाही. फोनमध्ये नोंद होती, चकतीने अकरा वेळा हाक मारली होती. आणि फोनमध्येच, त्या अकरा नोंदींच्या खाली, पट्टीचा निरोप होता: आजचं लक्ष अठ्ठ्याण्णव टक्के. उत्कृष्ट.

भूपाल नऊ दिवसांनी डोळे उघडून बघायला लागला. मेंदूला दोन तासांवर साखर मिळाली नव्हती. हातपाय चालतात, बोलतो, मला ओळखतो. पण कशावरही त्याचं मन ठरत नाही. घास हातात घेतो आणि विसरतो. वाक्य सुरू करतो, मधेच खिडकीकडे बघतो, वाक्य गेलं. मोजून दहा सेकंद, फार तर बारा.

आणि मग मेंदूच्या डॉक्टरांनी, अगदी आपुलकीने, काय सुचवलं असेल? पट्टी.

"हात शिकलेले आहेत, ते विसरलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "फक्त लक्ष धरून ठेवणारं कुणी नाही. ते काम पट्टी करील."

मुबारकनेही गळ घातली. "भाभी, एकदा बघू तर. भूपालभाईंच्या हातची जवारी मिरजेत दुसऱ्या कुणाला येत नाही. असं बसवून ठेवणार काय त्यांना?"

मी म्हटलं ठीक. मी कोण नाही म्हणणार? मी स्वतःच्या हाताने त्याच्या कपाळाला पट्टी बांधली, मागचा बंद घट्ट केला, समोर तंबोरा दिला.

दोन मिनिटांत त्याची मान सरळ झाली. त्याने तार छेडली, ऐकली, कानस उचलली. खसखस. पुन्हा तार. मुबारकने डोळे पुसले. मलाही वाटलं, देवा, आला परत. मी समोर बसले आणि म्हटलं, "अहो."

काही नाही.

"अहो, मी आहे. इकडं बघा की."

तार. खसखस. तार. मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालायला वाकले. त्याने मान थोडी बाजूला केली, मधे आलेल्या वस्तूला चुकवून बघतात तशी. मग मी तारांवर हात ठेवला. त्याने माझं मनगट धरून हात उचलला, बाजूला जमिनीवर ठेवला, आणि पुन्हा तार छेडली. राग नाही, काही नाही. मी हाका मारत राहिले, कितीदा मारल्या माहीत नाही. एकदा तो म्हणाला, "आलो, आलो." माझ्याकडे न बघताच.

मी तिथंच तोंडावर पदर घेऊन रडले. दारात उभा राहून तो किती संध्याकाळी असा माझ्याकडे बघत असेल आणि हसून परत जात असेल, ते मला त्या दिवशी दिसलं.

मी पट्टी सोडली. मुबारक म्हणाला, "असू द्या की भाभी, काम तर होतंय. जरा धीर धरा."

"ते काम करतंय कोण, मुबारक? तुझे भूपालभाई घासताना कधी गप बसले होते काय?"

तो तंबोरा त्याने नेला. दुसऱ्या दिवशी येऊन बसला आणि पायाकडे बघत म्हणाला, जवारी बरोबर आहे, चूक काढायला जागा नाही, पण गाणाऱ्या बाईंनी दोनदा वाजवून परत पाठवला. कारण काही सांगितलं नाही.

डॉक्टर अजूनही म्हणतात की मी चूक करतेय. पट्टीची सवय लावली तर त्याची कारागिरी वाचेल, नाहीतर वर्षभरात हातही विसरतील. खरं असेल. त्याला विचारून ठरवावं तर प्रश्न संपेपर्यंत तो थांबत नाही. म्हणजे मीच ठरवलं, त्याच्या जन्माच्या कामाबद्दल मीच ठरवलं, आणि त्यात माझा किती स्वार्थ आहे ते मला समजतं. मला त्याने माझ्याकडे बघायला हवंय. दहा सेकंद का होईना.

लॅबचं काम मी सोडलं. पट्टीशिवाय वाचायची आता परवानगी नाही, आणि बरोबरच आहे ते. माझ्या जागी कुणी मुलगी आली आहे म्हणे, माझ्यापेक्षा चांगली वाचते. जतच्या बाईसारखी एखादी बाई तिच्यामुळे वाचत असेल. त्या मुलीच्या घरी कोण कोण आहे, हे मी निंबाळकर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही हो." मी म्हटलं, "विचारून ठेवा."

यंदा पुन्हा चातुर्मास लागला. मी त्याला उजेडातच भरवते, टोचायचं नंतर, डॉक्टरांनीच तसं बदलून दिलंय. मग तंबोरा त्याच्या मांडीशी ठेवते आणि मधल्या दारात भाजी निवडत बसते. तो तारा छेडतो. एक, दोन, तीन, कधी चौथीही. मग थांबतो. खसखस नाही, बडबड नाही. मी मान वर करते. साखर ठीक असते, तो नुसता विसरलेला असतो. इकडेतिकडे बघतो, मी दिसते, आणि चेहरा खुलतो.

"आलीस काय गं? दिवस बुडायला आला."

"आले," मी म्हणते, आणि हातातली भाजी खाली ठेवून उठते, त्याच्याजवळ जाऊन बसते, त्याचं बोट तारेवर ठेवते. तो छेडायला लागतो. मी परत दारात येऊन बसते. दहा सेकंदांनी तारा थांबतात.

"आलीस काय गं?"

"आले."

आणि मी उठते.